नऊशे आकड्यांची निववण

धाकटीचा डावा हात कुठल्याच फोटोत सापडत नाही. भाचीला मांडीवर घेतलेल्या फोटोत तो दुपट्याखाली आहे. त्याच भाचीच्या लग्नाच्या फोटोत तो नवरीच्या पाठीमागे गेला आहे. धुलाई कारखान्यातून ती निवृत्त झाली त्या दिवशीच्या फोटोत सगळ्या बायका हात हलवताहेत आणि हिचा एक हात एप्रनच्या खिशात. कोणी विचारलंच तर म्हणायची, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" आणि विषय बदलायची.

सध्या तिचा एक फोटो औषधांच्या दुकानांतून लागला आहे. हिरव्या डब्यांची चळत, तिच्यावर पुठ्ठ्याची हसरी म्हातारी, मागे झेंडूची फुलं आणि खाली ठळक अक्षरांत: 'निववण. भाजलं? लावा. काम चालू ठेवा.' या फोटोतही डावा हात नाही. असता, तर त्यातली एक डबी खपली नसती. हे सांगताना राग आवरत नाही, आणि आवरायचं काही कारणही नाही.

धाकटी बासष्ट वर्षांची आहे. तिची थोरली बहीण अक्का, म्हणून ही धाकटी. अक्काला जाऊन सहा वर्षं झाली, तरी नाव तेच राहिलं. भाजीवाला म्हणतो धाकटी, डॉक्टर म्हणतो धाकटी, आणि घरमालकाने भाडेकरारात कंसात 'धाकटी' असं लिहून खाली सही घेतली होती. लग्न केलं नाही. अक्काच्या घरी राहिली, अक्काची लेक वाढवली, आणि दोघी बहिणींनी मिळून इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या इतक्या चादरींना इस्त्री केली की त्या एकाला एक जोडल्या तर जगाला पांघरूण झालं असतं.

कारखान्यातल्या इस्त्रीला रूळ म्हणतात. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर वाफेने तापलेला, पाच हात लांबीचा लोखंडी रूळ फिरत असतो. दोघी दोन टोकांना उभ्या राहतात, ओल्या चादरीचा एकेक कोपरा धरतात, कोपरे एकाच वेळी रुळाच्या तोंडाशी लावतात आणि सोडून देतात. पलीकडून चादर कोरडी ठणठणीत बाहेर. सगळी कला सोडण्यात आहे. एकीने क्षणभर उशिरा सोडलं, तर चादर हाताला घेऊन आत जाते. म्हणून रुळावर जोडी बदलत नाहीत. नवरा बदलेल, जोडीदारीण बदलायची नाही, असं बायका म्हणायच्या, आणि त्यांच्यातल्या दोघींनी ते खरंही करून दाखवलं होतं.

अशा ठिकाणी हात भाजणारच. आणि भाजलेल्या हातासाठी त्या कारखान्यात एक शब्द होता, जो दुसरीकडे कुठे ऐकू येत नसे. निववण.

मलम या शब्दाचं कूळ कोशात मिळतं. अरबी-फारसीतल्या मरहमपासून तो आपल्याकडे आला म्हणतात. लेप त्याहून जुना, संस्कृतातला. दोघेही लांबून चालत आले, वाटेत ज्याला लागेल त्याच्या अंगाला लागले, आणि कोणी त्यांच्यावर मालकी सांगितली नाही. निववण मात्र लांबून आलेली नाही. दूध निवतं, तवा निवतो, लेकरू कुशीत आलं की आईचा जीव निवतो. त्या निवण्यातून ती आली, आणि तिचा जन्म धाकटीच्या डोळ्यांदेखत, चादरीच्या गाड्यांमागे, कोपऱ्यातल्या दगडी कुंडीवरच्या नळाखाली झाला.

निववण म्हणजे हात भाजला की रूळ सोडायचा आणि नळाखाली बसायचं. जोडीदारणीनेही आपला कोपरा खाली ठेवायचा, शेजारी बसायचं आणि मोठ्याने मोजायचं. नऊशेपर्यंत. इस्पितळातल्या एका नर्सने सांगितलं होतं की गार पाणी पाव तास तरी वाहिलं पाहिजे. कोपऱ्यात घड्याळ नव्हतं, म्हणून नऊशे. दोनशेपर्यंत शिव्या, पाचशेपर्यंत रडणं, सातशेच्या पुढे सासूच्या गोष्टी. आकडा चुकला तर मागच्या शंभरापासून पुन्हा. पाणी चालू नसताना मोजलेलं धरायचं नाही. हे सगळं झाल्यावर, हात खरोखर निवल्यावर, नंतरच्या दिवसांत कातडी ओढू नये म्हणून अक्काने घरी केलेलं झेंडूचं मलम. त्याला निववणीचं मलम म्हणत. बत्तीस वर्षं कारखान्यात हे चाललं. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. जेवणाची सुट्टी जशी असते तशी निववण होती.

मागच्या वर्षी धाकटीकडे कंपनीची एक बाई आली. गोड बोलणारी, हातात जाड वही, म्हणून तिला वहीवाली म्हणू. स्वयंपाकघरात ओट्याशी बसली. धाकटीला कोण आनंद! अक्काचं मलम कुणीतरी विचारायला आलं होतं. तिने काही हातचं राखलं नाही. पाकळ्यांची पांढरी बुडं कापून टाकायची, नाहीतर तेल कडवट होतं. वाळवायच्या सावलीत. तिळाचं तेल इतक्या मंद आचेवर की बोट बुडवायचा मोह व्हावा. फडक्यातून गाळायचं, पिळायचं नाही. मेण घालायचं, आणि झालं का ते बघायला एक थेंब नखावर टाकायचा. गोठून नखावर बसला की झालं.

"आणि शब्द कुठून आला, मावशी?" वहीवालीने विचारलं.

"अक्काचा आहे तो. हात निववायचा म्हणून निववण."

वहीवालीने लिहून घेतलं, मावशीचा एक हसरा फोटो काढला आणि वही मिटली. पाण्याचं धाकटीने सांगितलंच नाही. भात कसा करायचा ते सांगताना चूल पेटवा असं कोणी सांगतं का? तिच्या लेखी पाण्यावाचून निववण हे बोलणंच शक्य नव्हतं. पण खरं सांगायचं तर एवढंच कारण नव्हतं. पाण्याची गोष्ट काढली की ती सुरू कशी झाली हे आलं, आणि ते आलं की मांडीवरच्या टॉवेलखालचा डावा हात बाहेर काढावा लागला असता. ती गोष्ट तिने चौतीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं आपण पाहतो. हिने ताक सगळं देऊन टाकलं आणि भांडं तेवढं लपवलं.

वर्ष गेलं. एका संध्याकाळी भाची कामावरून आली ती उजव्या हाताला फडकं गुंडाळून. भाची आता रुळावर होती, आईच्याच जागी.

"किती मोजले?" धाकटीने पहिलं हेच विचारलं.

"मोजले नाहीत."

"म्हणजे?"

"नळाची चावी काढून ठेवलीय, मावशी. नव्या मॅनेजरने. भिंतीवर डबी टांगलीय. भाजलं की लावायचं आणि जागा सोडायची नाही. माझी जोडीदारीण उठली तर तिलाच ओरडला."

भाचीने पिशवीतून हिरवी डबी आणि घडीचा कागद काढला. डबीवरच्या नावाशेजारी गोलात एक छोटं अक्षर होतं. म्हणजे शब्द आता कंपनीच्या मालकीचा. अक्काने जन्माला घातलेला शब्द, आणि सातबारा भलत्याच्याच नावावर! आतल्या कागदावर 'शब्दाची जन्मकथा' होती. 'पूर्वीच्या काळी वनस्पतींचं ज्ञान असलेल्या स्त्रिया जे शीतल मलम बनवत, त्याला निववण असे म्हणत.'

"पूर्वीच्या काळी?" धाकटी ओरडली. "अगं, मी अजून जिवंत आहे!"

तिने फडकं सोडलं. अंगठ्याखालचा सगळा उंचवटा फोडांनी भरला होता आणि त्यावर हिरवट, तेलकट, चकचकीत थर. आतली आग आत कोंडून वर झाकण घातलेलं. सहा तास उलटून गेले होते. आता पाण्याचा काही उपयोग नव्हता, हे तिला कोणापेक्षाही जास्त माहीत होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅनेजरवर गेली, वहीवालीवर गेली, आणि फिरून स्वतःवर आली. हसऱ्या म्हातारीचा फोटो तिचाच होता. तिच्याच तोंडाने त्यांनी नळ बंद केला होता.

डॉक्टरने पंधरा दिवसांची रजा लिहून दिली आणि बोटं हलवत राहा म्हणून बजावलं. "आखडली तर मग सुटणार नाहीत." हे ऐकताना धाकटीने आपला डावा हात पाठीमागे नेला.

त्याच आठवड्यात कारखान्यातून निरोप आला. कंपनीची माणसं येणार आहेत, 'निववण इथे जन्मली' अशी पाटी लावायची आहे, मावशींनी यावं, दोन शब्द बोलावेत, फोटो काढू.

"जाऊ नकोस," भाची म्हणाली. "चोराच्या उलट्या बोंबा ऐकायला कशाला जायचं?"

"जाणार," धाकटी म्हणाली. "तूही चल."

दुपारची वेळ होती. इस्त्रीच्या दालनात टेबलावर पांढरी चादर घातली होती, तिच्यावर डब्यांचा मनोरा. पाटीवर फडकं. रूळ चालूच होते; ज्यांची पाळी नव्हती त्या बायकांना धुतलेले एप्रन घालून रांगेत उभं केलं होतं. भाचीच्या हाताची पट्टी पाहून मॅनेजर हळूच म्हणाला, "तुम्ही जरा मागे उभ्या राहा, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही." आणि ती मागे गेली. ज्या हाताला त्यांच्या डबीने ही दशा आणली, तोच हात त्यांच्या समारंभाला चालेना!

वहीवाली पुढे आली. "मावशी, निववण या शब्दाचा अर्थ आज तुमच्या तोंडून ऐकू द्या. थोडक्यात."

धाकटी टेबलाजवळ गेली. उजव्या हाताने तिने मनोरा बाजूला सरकवला. चार डब्या गडगडत खाली गेल्या. मग पदराखालून डावा हात काढला आणि पांढऱ्या चादरीवर ठेवला. करंगळी आणि शेजारचं बोट तळव्यात वळून तिथेच चिकटलेली, मधली कातडी ताणून कागदासारखी झालेली. तीस-तीस वर्षं शेजारी काम केलेल्या बायकाही पुढे वाकल्या. धाकटीचा हात 'अधू' आहे एवढंच त्यांना माहीत होतं.

"हा बघा अर्थ," ती म्हणाली.

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

"चौतीस वर्षांपूर्वी याच रुळावर हा हात आत गेला. तेव्हा इथे एक मुकादम होता. त्याच्या खणातही अशीच एक डबी असायची, पिवळी होती ती. त्याने हात ओढून काढला, कोपरापर्यंत मलम थापलं, चिंधी बांधली आणि म्हणाला, चल, चादरी खोळंबल्यात. मी उभी राहिले. संध्याकाळपर्यंत आत आग, वर मलम. पुढे हात पिकला. बोटं अशी झाली."

"मावशी," मॅनेजर मध्ये पडला, "जुन्या गोष्टी आज..."

"जुन्या? तिची मागच्या आठवड्यातली आहे." तिने भाचीकडे बोट केलं. मग थांबली. पुढचं वाक्य तिला जड जात होतं. चौतीस वर्षं हात लपवला तो याच वाक्यासाठी. "माझी जोडीदारीण अक्का होती. मुकादम म्हणाला, कोपरा उचल. आणि अक्काने उचलला."

मागच्या रांगेत भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या आईने निववण सुरू केली, तीन दिवस रूळ थंड ठेवून ती मालकाकडून कबूल करून घेतली, ही गोष्ट ऐकत ती मोठी झाली होती. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"तिला सातवा महिना होता," धाकटी म्हणाली, आता फक्त भाचीकडे बघत. "काम गेलं असतं तर खाणार काय? तू पोटात होतीस. मी तिला कधी काही म्हटलं नाही, गं. पण ती स्वतःला म्हणत राहिली. दीड वर्षाने शेजारच्या रुळावरची एक भाजली. मुकादम पिवळी डबी घेऊन आला, आणि अक्काने त्याच्या हातातली डबी घेऊन कचऱ्यात टाकली. त्या बाईला त्या नळाखाली बसवलं. मुकादम म्हणाला, उठव तिला. अक्का म्हणाली, निववण झाल्याशिवाय उठायची नाही. हा शब्द आम्ही पहिल्यांदा तेव्हा ऐकला. डबी लावून कामाला जुंपतात म्हणून तो शब्द आला! आणि तुम्ही तोच डबीवर छापलात, वर माझं थोबाड लावून!"

वहीवालीचा चेहरा उतरला होता. ती वाईट बाई नव्हती. पण वाईट नसलेल्या माणसांनीच हे सगळं नीट टाइप करून, सुबक छापून घेतलं होतं, हे विसरून चालणार नाही. "मावशी, तुम्ही पाण्याचं तेव्हा बोलला नाहीत," ती म्हणाली.

"नाही बोलले. माझी चूक. अक्काला झाकायला गेले आणि तिलाच विकून बसले. आता बोलते आहे. लिहा."

पण वहीवालीने वही उघडली नाही. साहेबांना विचारावं लागेल, असं काहीतरी ती पुटपुटली.

धाकटी कोपऱ्यातल्या कुंडीकडे गेली. नळाच्या डोक्यावर चावीच्या जागी नुसता लोखंडी दांडा होता. कुंडी कोरडी, तळाला सुताचा कचरा. ती कडेवर बसली आणि डावा हात त्या कोरड्या नळाखाली धरला.

"चावी," ती म्हणाली.

"मावशी, हे सगळं नंतर बसून बोलू," मॅनेजर म्हणाला.

"चावी येईपर्यंत मी इथेच आहे."

निववणीत मोजते ती जोडीदारीण. दुसरी कोणी मोजत नाही. हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं आणि धाकटीची जोडीदारीण गेली त्याला सहा वर्षं झाली होती. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मागच्या रांगेतून भाची निघाली. पाहुण्यांमधून सरळ चालत आली. मावशीशेजारी बसली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज आईसारखाच खणखणीत निघाला.

"एक. दोन. तीन."

दहाच्या आसपास पहिल्या रुळावरच्या दोघींनी कोपरे खाली ठेवले. चाळीसला शेवटचा रूळ रिकामा फिरायला लागला. सत्तरला कोणीतरी वाफ बंद केली. फोटोवाला दोनशेला निघाला, कंपनीची माणसं अडीचशेला, पाटी फडक्यासकट काखेत मारून. मॅनेजर उभा होता. त्याने घड्याळ बघितलं, बायकांकडे बघितलं, थंड होत चाललेल्या रुळांकडे बघितलं. आवाज चढवायचा म्हणून त्याने तोंड उघडलं, पण तोपर्यंत मोजणारी एकटी भाची राहिली नव्हती. चारशेच्या आत सगळं दालन मोजत होतं.

चारशे बाराला तो आपल्या खोलीत गेला. खण उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्याने चावी दांड्यावर बसवली आणि कोणाकडे न बघता फिरवली. नळ खाकरला, तांबूस पाण्याची चिळकांडी उडाली, आणि मग स्वच्छ गार धार त्या दोन आखडलेल्या बोटांवर पडली. चौतीस वर्षं उशिरा. धाकटीने डोळे मिटून घेतले.

"चारशे एकोणतीस," बायका म्हणत होत्या, "चारशे तीस."

भाचीने पट्टीतला हात वर केला. सगळ्या थांबल्या.

"पाण्याशिवायचे धरायचे नसतात," ती म्हणाली. मावशीचा हात तिने आपल्या बऱ्या हाताने धारेखाली नीट धरला आणि पहिल्यापासून सुरू केलं. "एक."